गुडघा कोणाचा आणि निर्णय कोणाचा?

रावेर तालुक्यातील एका गावी आम्ही गेलो असता एक तरुण बंधु ओसरीवर पाय लांब करून बसलेला आढळला. तो केळीचे घड वाहण्याचे काम करितो. कबड्डीत त्याच्या गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध, ज्यास लोक लिगामेंट म्हणतात, तो तुटला होता. वडील म्हणत, "बैलजोडी विकू, पण ऑपरेशन करू." आजी म्हणे, "चाकू नको, तेल चोळा." तरुणास मात्र कोणी काही विचारिले नव्हते.

हा बंध नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही. तो तुटला असता पुष्कळांस सरळ चालता येते, परंतु वळताना गुडघा दगा देतो. शस्त्रक्रियेत रोग्याच्याच शरीरातील कंडरा काढून त्या जागी बसवितात. ती लगेच करावीच काय? स्वीडन देशात १२१ तरुणांवर ह्याची परीक्षा झाली व २०१० साली ती प्रसिद्ध झाली. काहींवर लवकर शस्त्रक्रिया केली. ५९ जणांस आधी व्यायाम दिला व गरज पडल्यास पुढे शस्त्रक्रियेची मुभा ठेविली. दोन वर्षांनी दोहोंच्या स्थितीत म्हणण्याजोगे अंतर दिसले नाही. तथापि पाच वर्षांत त्या ५९ पैकी ३० जणांनी शस्त्रक्रिया करवून घेतलीच. म्हणजे थांबणे ही हयगय नव्हे, आणि पुढे शस्त्रक्रिया करविणे हा पराभवही नव्हे. मात्र गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर वाट पाहू नये; आणि सुजलेला गुडघा कोणाकडून ओढवून तर मुळीच घेऊ नये.

खरी अडचण आम्हांस निराळीच दिसली. कोणताही मार्ग धरिला तरी कित्येक महिने नेमाने व्यायाम करावा लागतो व जड ओझे टाळावे लागते. घरची मंडळी बैल विकण्यास सिद्ध होती. मुलाची मजुरी तितके दिवस सोडण्यास कोणी सिद्ध नव्हते. पैसा दिला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मानणे किती सोपे!

आम्ही त्या तरुणास विचारिले, "बाबा, तुला काय हवे?" तो म्हणाला, "कबड्डी सुटली तरी चालेल. चिखलात घड घेऊन वळता आले पाहिजे. आधी तीन महिने व्यायाम करून पाहतो. पाय दगा देत राहिला, तर ऑपरेशन करू."

वडील बराच वेळ उगीच राहिले. मग त्यांनी विचारिले, "आणि तोवर घड कोण वाहणार?"