संध्याकाळ मोकळी ठेवा

शिक्षणहक्क कायद्यातली एक तरतूद होमस्कूलिंग करणाऱ्या आम्हा पालकांनी पुन्हा पुन्हा वाचायला हवी. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याने खासगी शाळांना प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखायला लावल्या. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा मुलगा आणि डॉक्टरची मुलगी एका बाकावर बसावीत, हे त्यात अपेक्षित आहे. (२०२४ मध्ये राज्य सरकारने या तरतुदीला बगल देणारा बदल केला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, ही समाधानाची गोष्ट.) मुलांना शाळेतून काढताना आम्ही त्यांना या बाकावरूनही उठवलं. त्याची भरपाई कशी करायची?

'मुलं चार पोरांत मिसळणार कधी?' असं नातेवाइकांनी विचारलं की आम्ही तबला, पोहणं, रोबोटिक्स, शनिवार-रविवारचा ट्रेक अशी यादी सांगतो. मला हे उत्तर पटेनासं झालं आहे. तिथे भेटणारी मुलं बहुतेक आमच्याच आर्थिक थरातली असतात. तास संपला की प्रत्येकाची आई स्कूटर घेऊन उभी. भांडण मिटेपर्यंत तिथे कुणी थांबत नाही, कारण तोवर पुढची बॅच आलेली असते.

कॉलनीच्या गणपतीत बसवलेल्या नाटुकल्याची गोष्ट निराळी. वॉचमनची मुलगी राणी होते, तिसऱ्या मजल्यावरचा हट्टी मुलगा प्रधान, आणि दोघांचं पटत नसलं तरी तालीम रोज असते. यातलं कुणीही आपण निवडलेलं नसतं, आणि एकजण आला नाही तर सगळ्यांचं अडतं. मुलाला माणसांत राहायला शिकवायचं ते हेच. म्हणून तालीम आणि जिम्नॅस्टिक्सचा क्लास एकाच वेळी आले, तर क्लास बुडवावा असं माझं ठाम मत आहे. सर पुढच्या आठवड्यात पुन्हा शिकवतील. तालमीला मात्र प्रधान आजच हवा.

अडचण वेळेची आहे. शेजारची मुलं शाळेतून येऊन, खाऊन, खाली उतरेपर्यंत सहा वाजतात. शाळेत जाणाऱ्यांच्या सोयीने ठरलेले सगळे क्लासही तेव्हाच असतात. आमच्या मुलांचा अख्खा दिवस हाताशी असूनही आम्ही नेमकी हीच वेळ क्लासला देऊन टाकतो. शिकवणाऱ्यांशी बोललं तर सकाळची वेळ बहुधा मिळते. अकराच्या सुमाराला त्यांच्याकडे कुणीच नसतं. परीक्षेचीही एवढी घाई नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी चौदाव्या वर्षापासून देता येते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात.

पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी चालवलेली कुरणशाळा या संदर्भात मला फार मोलाची वाटते. आदिवासी मुलं गुरं राखायला जात, त्यामुळे शाळेत येऊ शकत नसत. मग शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. मुलांचं घरातलं, गावातलं काम मोडून त्यांना शिकवावं, असं या दोघींना वाटलं नाही. आमच्याकडे तर शाळेची वेळ, घंटा, गणवेश यांतलं काहीच आड येत नाही. तरीही मुलाच्या शिक्षणासाठी आम्ही त्याला शेजारापासून तोडतो.

सगळ्या मुलांना सारखी गर्दी मानवत नाही, हेही खरं. एखादीला पटांगणापेक्षा वरच्या मजल्यावरच्या आजींना पेपर वाचून दाखवणं आवडतं. तेही नियमाने झालं तर पुरेसं आहे.

खरी कसोटी आठवीनंतर लागते. तोवरचे सवंगडी शिकवण्यांत अडकतात आणि पटांगण ओस पडतं. तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला नुसता खेळ पुरत नाही, जबाबदारीचं काम लागतं. वाचनालयात पुस्तकं लावणं, राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत लहानांचे खेळ घेणं, वस्तीतल्या अभ्यासिकेत पाढे शिकवणं, असं काहीही चालेल. पण ती माणसं आधीपासून ओळखीची असावी लागतात, आणि ती ओळख सहाव्या-सातव्या वर्षीच्या मोकळ्या संध्याकाळींतूनच होते.