नदीचा सातबारा

मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. भाची कायद्याची विद्यार्थिनी. तिच्या वडिलांचं गाव वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये गेलं. भिवापुरात अशी घरं पुष्कळ आहेत, एक भाऊ कालव्यावर आणि बहीण बुडितात.

मामा : राजीव गांधींनी 1988 साली भूमिपूजन केलं तेव्हा मी नवा नोकरीत लागलो होतो. विदर्भाचा सिंचन अनुशेष दांडेकर समितीनं मोजून दाखवलेला. अडीच लाख हेक्टर भिजणार होतं, बाई. त्यापुढं काही गावं म्हणजे...

भाची : म्हणजे आमची गावं.

मामा : पैसा मी खाल्ला नाही, हे तुला ठाऊक आहे.

भाची : तेच तर अवघड आहे, मामाजी. लाच खाणाऱ्याला मनातून कळत असतं आपण काय करतोय ते. तुम्हाला कधी शंकाच आली नाही. 'नको' म्हणणारा माणूस तुम्हाला नुसता अडाणी वाटला.

मामा : होते काही अडाणी. पण मोबदला सगळ्यांना दिला.

भाची : सातबारा होता त्यांना. वैनगंगेत जाळं टाकणाऱ्या ढिवरांचं काय? उन्हाळ्यात रेतीत डांगराच्या वाड्या लावणाऱ्यांचं? नदीचा सातबारा कोणाच्या नावावर असतो? तुमच्या हिशेबात जे कागदावर होतं, तेवढंच बुडालं.

(इथं मामा गप्प झाले. मला वाटतं, हिशेब चुकल्याचं दुःख इंजिनिअरला अन्यायापेक्षा जास्त होतं.)

मामा : मग प्रत्येकाला विचारत बसायचं? दहा जण अडून बसले, तर खालच्या लाखांनी कोरडंच राहायचं? तेही गरीबच होते.

भाची : होते. म्हणूनच मला सोपं उत्तर सापडत नाही. पण गंमत बघा. 2013 च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची, तर 80 टक्के बाधितांची संमती लागते. सरकारची भागीदारी असेल, तर 70 टक्के. सरकारला स्वतःच्या धरणासाठी घ्यायची असेल, तर ही अटच नाही. हेतू जितका चांगला, तितकं विचारणं कमी.

मामा : सरकार नफ्यासाठी करत नाही, म्हणून.

भाची : बुडणाऱ्याला नफ्यातोट्यानं काय फरक पडतो? उलट कंपनीशी भांडता तरी येतं. 'सर्वांचं भलं' म्हणणाऱ्याशी भांडलं की आपणच स्वार्थी ठरतो.

मामा : तू खुर्चीवर असतीस, तर धरण बांधलं नसतंस?

भाची : बांधलं असतं कदाचित. पण आधी नवं गावठाण, तिथं पाणी, रस्ता, ढिवरांचा हक्क. घळभरणी सगळ्यात शेवटी. आणि हे तुमच्याही भल्याचं आहे, असं बाबांना सांगितलं नसतं.

मामा : असं करत बसलो असतो तर काम वीस वर्षं लांबलं असतं! खर्च वाढला असता!

भाची : मामाजी, 372 कोटींचं काम अठरा हजार कोटींच्या वर गेलं. लांबायचं ते तसंही लांबलंच की.