अधातू, अर्धवाहक, अकुशल

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली आवर्तसारणी आठवून बघा. उजव्या बाजूला बोरॉनपासून एक नागमोडी रेषा जिना उतरावा तशी खाली जाते. तिच्या डावीकडे धातू, उजवीकडे अधातू आणि काठाकाठाने धातुसदृश. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेला या सारणीचा एक रंगीत तक्ता माझ्या कामाच्या टेबलासमोर आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. रसायनशास्त्राशी माझा रोजचा संबंध नाही. पण माणसांची माहिती रकान्यांत बसवणाऱ्या सिस्टीम लिहिणं हे माझं काम, म्हणून त्या रेषेकडे पुन्हा पुन्हा लक्ष जातं.

ही तीन नावं जरा नीट ऐका. ‘धातू’ हा आपल्याकडे भारदस्त शब्द आहे. व्याकरणात क्रियापदाचं मूळ म्हणजे धातू, आयुर्वेदात शरीर धारण करणारे ते सप्तधातू. उरलेल्या दोघांना मात्र स्वतःचं नावच नाही. एक ‘धातू नसलेला’, दुसरा ‘धातूसारखा’. ज्ञात 118 मूलद्रव्यांपैकी 90 हून अधिक धातू आहेत. बहुमत त्यांचं, म्हणून मोजपट्टीही त्यांचीच. आणि आपण कशाचे बनलो आहोत? ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चार अधातूंनी शरीराचं सुमारे 96 टक्के वजन भरतं. जे आपल्याला जिवंत ठेवतं, त्याची ओळख आपण ‘नाही’ या शब्दाने करून देतो.

रेषाही दिसते तितकी पक्की नाही. हायड्रोजन अधातू, पण त्याची जागा डावीकडे, लिथियम-सोडियमच्या डोक्यावर. कार्बन अधातू, पण पेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. कथील धातू, पण सुमारे 13 अंश सेल्सिअसच्या खाली बराच काळ राहिलं तर त्याची चमक जाऊन करडी भुकटी होऊ शकते, आणि त्या रूपात ते धातूसारखं वागत नाही. धातुसदृश नेमके किती, यावरही शास्त्रज्ञांचं एकमत नाही.

याच काठावर सिलिकॉन बसलाय. तांब्याइतकी वीज वाहून नेत नाही, म्हणून त्याला ‘अर्धवाहक’ म्हणतात. अर्धवट वाहक म्हणून बघितलं तर तो कमीच ठरणार. पण तांबं कायम वाहतच राहतं. सिलिकॉनच्या दहा लाख अणूंमागे फॉस्फरसचा किंवा बोरॉनचा एखादा अणू मिसळला, की त्याची वाहकता लाखो पटींनी वाढते. कधी वाहायचं, कधी थांबायचं, हे त्याच्याकडून ठरवून करून घेता येतं. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याचा मेंदू या गुणावर चालतो. ‘अर्ध’ हा शब्द सिलिकॉनबद्दल फार थोडं सांगतो. तो सांगतो की मोजणाऱ्याच्या हातात तांब्याची पट्टी होती.

आता दुसरे तीन रकाने बघा: कुशल, अर्धकुशल, अकुशल. 1948 च्या किमान वेतन कायद्याखाली महाराष्ट्रात वर्षानुवर्षं याच वर्गांनुसार मजुरीचे दर ठरत आले. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये हे तीन शब्द एका ड्रॉपडाउनमध्ये येतात. माझ्या ओळखीचे एक काका वाळूजच्या कारखान्यात हेल्पर आहेत. मशीनचा आवाज बदलला की टूल झिजलंय, हे ते ऑपरेटरच्या आधी ओळखतात. त्यांच्याकडे आयटीआयचा कागद नाही. म्हणून रकाना ‘अकुशल’.

रेषाच नको, असं माझं म्हणणं नाही. वर्गच नसते तर मालक देईल तो पगार घ्यावा लागला असता. किमान दर सर्वांत खालच्या रकान्यातल्या माणसालाही सांभाळतो. आणि तीन रकाने असल्याशिवाय कोडही चालत नाही. फरक एवढाच, की आपण काहीही म्हटलं तरी सिलिकॉनचं काही बिघडत नाही. माणसाला चुकीच्या रकान्यात टाकलं तर त्याची किंमत दर महिन्याला त्याच्या घरात मोजली जाते. काही वर्षांनी तर तो स्वतःच म्हणायला लागतो, “आम्हाला काय येतंय?” शब्द आत उतरतो, तो असा.

म्हणून मला मेंडेलीव्ह आवडतो. 1869 च्या सारणीत त्याने मूलद्रव्यं अणुभाराच्या क्रमाने लावली, तरी टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड असूनही आधी ठेवलं, कारण गुणधर्म तसं सांगत होते. आकड्यापेक्षा वागणुकीला मान दिला. शिवाय त्याने जागा रिकाम्या सोडल्या. सिलिकॉनच्या खालच्या जागेवर कोण असेल, याचं वर्णन त्याने 1871 मध्ये केलं. अणुभार सुमारे 72, असा त्याचा अंदाज होता. 1886 मध्ये विंकलरला जर्मेनियम सापडलं, तेव्हा तो अंदाज जवळपास बरोबर निघाला. पुढे 1947 मध्ये बेल लॅब्समधला पहिला ट्रान्झिस्टर त्याच जर्मेनियमवर चालला.

माणसांवर रेषा ओढणाऱ्यांनी निदान इतकं तरी करावं. माणसाजवळ काय नाही, यावरून त्याचं नाव ठेवू नये. काय येतं, ते लिहायला एक रिकामी जागा ठेवावी. आणि त्याचं काम वेगळं बोलत असेल, तर कागद बाजूला सारून रकाना बदलावा. नवा ड्रॉपडाउन आला की मीटिंगमध्ये मी हल्ली एकच प्रश्न विचारतो: हा रकाना बदलून मागायचा असेल, तर त्यातल्या माणसाने कोणतं बटण दाबायचं? बहुतेक वेळा असं बटण स्क्रीनवर नसतंच.