अंगठी आणि किल्ल्या

नात पुण्याहून येताना तीन जाडजूड खंड घेऊन आली. टोल्किन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाची १९५४-५५ सालची जादूच्या अंगठीची कादंबरी. मुग्धा कर्णिकांनी मराठीत आणलेली, ‘स्वामी मुद्रिकांचा’. “आजोबा, वाचाच!”

सुरुवातीलाच बुटक्या, अनवाणी, खादाड लोकांच्या तंबाखूची साद्यंत हकीकत. माणसाने खोटं तरी किती लिहावं, म्हणून पुस्तक मिटणार होतो. मग आठवलं, आपण हिंगोली जिल्ह्यातले. औंढ्याला नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे पाठवलं, तर अख्खं देऊळ फिरलं आणि नंदी मागेच राहिला, हे मी लहानपणापासून मान डोलावून ऐकत आलोय. मग या बुटक्यांनीच काय घोडं मारलंय?

पुढे वाचलं. बिल्बो नावाचा म्हातारा एकशे अकराव्या वाढदिवशी घर सोडतो. अंगठी वारसाला, फ्रोडोला द्यायची, हे ठरलेलं. पाकिटात घालून ठेवली म्हणतो आणि निघते त्याच्याच खिशातून! वर चिडतो, माझी आहे, का देऊ?

इथे मी चष्मा काढून पुसला. कारण वसमतच्या आमच्या हळदीच्या आडतीच्या किल्ल्या मुलाला द्यायच्या, हे दोन दसऱ्यांमागे ठरलंय. पूजेत मांडल्या, नारळ फोडला, आणि जेवताना हिने विचारलं तर किल्ल्या माझ्या खिशात. चुकून हो! गेल्या दसऱ्यालाही चुकूनच.

पण खरा घोटाळा केला त्या गंडाल्फ जादूगाराने. फ्रोडो आपण होऊन अंगठी देतोय, तर हा नको म्हणतो. का? तर हिच्या बळावर लोकांचं भलं करावंसं वाटेल, याची त्याला भीती! दुष्टाच्या हाती सत्ता नको, हे कुणालाही कळतं. पण भल्या माणसाच्याही नको? अहो, मग आम्ही काय करायचं? मी किल्ल्या स्वतःसाठी का धरल्यात? मुलगा उधारी फार देतो, मापाला उभा राहत नाही, म्हणून. सगळं त्याच्याच भल्यासाठी.

मुलगा पंचेचाळीस वर्षांचा आहे. रोज सकाळी माझा चहा संपेपर्यंत गोदामाच्या किल्लीसाठी दारात उभा असतो. काही बोलत नाही. मीही चहा सावकाश पितो, हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

“आता तरी देताय का?” हिने विचारलं.

“पुस्तक तर होऊ दे.”

“किती राहिलंय?”

“दोनच खंड.”

ही हसली. दारातला मुलगा मात्र हसला नाही.