अबोलांचा आडोसा

रंग पालटणाऱ्या माणसास सरडा म्हणून हिणविण्याची आमची जुनी खोड. वस्तुतः रंग ही सरड्याची भाषा होय. भीती, क्रोध, उन्हाची गरज तो रंगातूनच सांगतो. नांदेड-लातूरकडील झुडुपांत वावरणारा घोयरा सरडा स्वभावतः एकांतप्रिय. दोन नर एकाच पिंजऱ्यात कोंडले, तर झुंज न होताही दुबळा काळवंडतो, अन्न टाकतो. आडोसा नसेल, तर प्रतिस्पर्धी सदैव दृष्टीसमोरच! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला पकडणे गुन्हा आहे. परंतु कायद्यापलीकडचा प्रश्न उरतोच: कलह नाही म्हणजे सुख आहे काय? भरल्या घरातील अबोल माणसासही आम्ही समाधानीच समजतो. ज्याला तक्रार करता येत नाही, त्याच्या मौनाचा अर्थ आम्ही आमच्या सोयीने लावू नये.