सुकाणदार झोपी गेला तर?

वाचकहो, एका शब्दापासून आरंभ करतो. भाषांतराचे काम करणाऱ्याची ही खोडच असते.

अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1905 साली लंडन येथील व्याख्यानांत, रक्तावाटे दूरच्या अवयवांस निरोप पोहोचविणाऱ्या द्रव्यांना 'हॉर्मोन' हे नाव दिले. ग्रीक 'होर्माओ', म्हणजे चेतविणे, वेगाने लोटणे, या क्रियापदावरून ते घडविलेले आहे. आपला 'संप्रेरक' हा शब्द त्या अर्थाला इतका नेमका बसला आहे की, तो योजणाऱ्याचा मला हेवा वाटतो.

हे क्रियापद नव्या करारात मोजक्या ठिकाणीच येते. कड्यावरून समुद्राकडे धाव घेणारा डुकरांचा कळप आणि स्तेफनावर एकदम तुटून पडलेला जमाव, या दोहोंसाठी तेच वापरले आहे. त्याचेच नामरूप मात्र याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जहाजाच्या सुकाणदाराच्या इच्छेसाठी येते. अंध धाव आणि विचारी इच्छा, दोहोंचे मूळ एकच! मग आपला राग, आळस, उत्साह यांना कोणत्या बाजूस घालावे?

हा प्रश्न माझ्या घरात शिरला तेव्हा मी तो ओळखला नाही. माझी पत्नी वर्षभर मंदावत चालली होती. पहाटेची प्रार्थना चुकू लागली, बोलणे जड झाले, उन्हाळ्यातही तिला शाल लागे. मी तिला आळसाविषयी नीतिसूत्रांतील वचने ऐकविली. एकदा तर पाहुण्यांसमक्ष. पुढे रक्ततपासणीत थायरॉइडची उणीव आढळली. गळ्यातील ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी थायरॉक्सिन कमी स्रवू लागली, की मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी आपले उत्तेजक संप्रेरक वाढवून तिला हाका मारीत राहते. अहवालात तो वाढलेला आकडाच दिसतो. तिला 100 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. ग्रॅमचा दहा हजारावा भाग! काही महिन्यांत ती पुन्हा पहाटे उठून प्रार्थनेस बसू लागली.

आता कोणी म्हणेल, दोष ग्रंथीचा होता, तिचा नव्हे. मान्य. पण मग पहाटेची भक्तीही गोळीचीच म्हणावी काय? दोष ग्रंथीच्या नावे आणि सद्गुण आपल्या नावे, असा हिशेब मला प्रामाणिक वाटत नाही. याकोबाच्या उपमेचा आधार घेऊन संप्रेरकांना वारा व इच्छेला सुकाणदार म्हणावे, तर तेही पुरते जुळत नाही. वारा बाहेरून येतो. थायरॉक्सिन आटले की सुकाणदारालाच झापड येते.

हिमालयाच्या पायथ्याशी तर याहून दारुण स्थिती होती. तेथील मातीतील आयोडीन धुऊन गेलेले. आयोडीनवाचून थायरॉक्सिन बनत नाही आणि त्यावाचून गर्भातील मेंदूची वाढ खुंटते. अशा मुलाने पाप केले की त्याच्या आईबापांनी, हा शिष्यांचा जुना प्रश्न तेथे विचारण्याचे धैर्य कोणास होईल? आजच्या हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून एका भागात आयोडीनयुक्त व दुसऱ्या भागात साधे मीठ पुरवून पाहिले. आयोडीनच्या मिठाने गलगंड स्पष्टपणे घटला, आणि 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी दोषी शोधला नाही, उणीव शोधली. मी घरात नेमके उलट केले होते, आणि माझ्या कठोर शब्दांना कोणत्याही ग्रंथीची सबब नव्हती.

अहवाल आला त्या रात्री मी तिची क्षमा मागितली. तिने ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "अहो, आणि रिपोर्ट नॉर्मल आला असता तर?"

मला उत्तर देता आले नाही.