ओझं हलकं करणारं क्रियापद

इंग्रजीत एक क्रियापद आहे : अलिव्हिएट. डिक्शनरीत अर्थ दिलाय, दुःख, वेदना, त्रास कमी करणे. शब्दाचं मूळ लॅटिन. 'लेव्हिस' म्हंजे हलकं. म्हणजे डोक्यावरचं ओझं हलकं करायचं. खाली उतरवायचं नव्हे.

दोस्तहो, या शब्दाचं व्याकरण बघा. इंग्रजीत माणसाला 'रिलीव्ह' करता येतं. पुढच्या पाळीचा गडी आला की आपण रिलीव्ह होतो, मशीन सोडून घरी जातो. पण माणसाला 'अलिव्हिएट' करता येत नाही. या क्रियापदाचं कर्म दुःख असतं, दारिद्र्य असतं, खोकला असतो. ज्याचं दुःख आहे तो माणूस वाक्यात नसला तरी वाक्य पुरं होतं. आणि ओझं डोक्यावर ठेवलं कुणी, हे तर ते वाक्य विचारतच नाही.

मी सूतगिरणीत कार्डिंग खात्यात आहे. कापसाची धूळ छातीत बसते. डॉक्टरी भाषेत त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, ही त्याची खूण. मग खोकल्याची बाटली मिळते. खोकला अलिव्हिएट होतो. धूळ तिथंच. धूळ ओढून घेणारी यंत्रणा नीट चालवायची तर खर्च मालकाच्या अंगावर येतो. नाही चालवली तर खोकला आपल्या.

मग बाटली फेकून द्यायची का? आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, असली मदत नकोच, तिनं लोकांची आग विझते. मला हे पटत नाही. ज्याच्या डोक्यावर ओझं नाही, त्यानं दुसऱ्याला आधाराचा हात नाकारायला सांगू नये. रात्री ज्याला झोप लागली, तोच सकाळी मोर्चाला येतो. बाटली घ्या, रेशन घ्या. ते कुणाचे उपकार नाहीत.

फसवणूक दुसरीकडं आहे. 2017 पर्यंत दिल्लीत एक मंत्रालय होतं. त्याच्या इंग्रजी नावात शब्द होते 'पॉव्हर्टी अलिव्हिएशन'. हिंदी नावात 'गरीबी उपशमन'. मराठी पेपरात मात्र छापून यायचं 'दारिद्र्य निर्मूलन'. निर्मूलन म्हंजे मुळासकट उपटणं. इंग्रजीत वचन हलकं करण्याचं, मराठीत उपटण्याचं. आणि झोपडपट्टीतला माणूस वाचतो ते मराठी.

बाबासाहेबांनी शब्दाची अशी गल्लत कधी होऊ दिली नाही. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना भाषणात बदल करा म्हटलं. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असं त्यांनी कळवलं. परिषद बारगळली. त्यांनी भाषण स्वखर्चानं छापलं. नाव 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. अलिव्हिएशन नव्हे. जात राहू द्या, फक्त तिचा काच कमी करा, असं सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते. आजही आहेत.

तेव्हा कुणी तुमचं दुःख कमी करतो म्हणाला, तर त्याला हाकलू नका. पण त्याला विचारा : हे ओझं ठेवलं कुणी? आणि तुझ्या वाक्यात आम्ही कुठं आहोत? तो देईल तो आधार घ्या, पण उरलेलं ओझं मोजायचं सोडू नका. हलक्या झालेल्या ओझ्याला माणूस लवकर सवकतो. ओझं उतरवणं या क्रियापदाचा कर्ता आपल्यालाच व्हावं लागेल.